हातचा

वाईचा वाडा विकायचं ठरलं, तेव्हा माळा उपसायला आम्ही नऊ जण जमलो. एकूण भावंडं अकरा. एक अमेरिकेत, एक आता नाही. उरलेल्या नवांपैकी शिडीवर कुणी चढायचं यावर अर्धा तास गेला, कारण सगळ्यांत धाकटी छोटीसुद्धा बँकेतून निवृत्त झालेली आणि दादा तर ऐंशीला टेकलेला. शेवटी बंड्याचा मुलगा चढला. तो वरून एकेक वस्तू खाली सोडायचा आणि आम्ही ती ओळखायची. तांब्याच्या बंबाची चाळणी, कंदिलाच्या काचा, पितळी सोऱ्या, कुणाच्या तरी मुंजीतली पळी-पंचपात्री. तासाभराने त्याने एक पत्र्याची ट्रंक ढकलत आणली आणि म्हणाला, "ही जड आहे, सगळे हात लावा."

आत माईच्या हिशेबाच्या वह्या होत्या.

माई म्हणजे दादाची आई, आमची थोरली काकू आणि आतेभावंडांची मामी. हाक मात्र सगळ्यांची एकच. अण्णांचं लग्न झालं आणि चौदा-पंधरा माणसांच्या त्या घरात ती आली, तेव्हापासून घराचा कारभार तिच्याकडे. लाल कापडी पुठ्ठ्याच्या उभ्या वह्या. पहिली 1961 सालची. वर 'श्री', खाली तारीख आणि तिथी, मग दूध, भाजी, लाकडं, काडेपेटी, देवाला फुलं. डावीकडे जिन्नस, उजवीकडे पैसे, पानाच्या तळाशी बेरीज, बेरजेखाली दोन समांतर रेघा. अक्षर असं, की शाळेत फळ्यावर लिहून ठेवावं.

छोटीने नोकरीतली सवय म्हणून पेन्सिल घेतली आणि सहज एक-एक बेरीज तपासायला लागली. साठ सालानंतरची पानंच्या पानं बरोबर. सत्तरची बरोबर. मग तिने 1986ची वही उघडली आणि श्रावणातल्या एका पानाशी थांबली. "दहाने चुकलंय." पुढच्या पानावर पुन्हा थांबली. "इथेही. एककाची बेरीज केलीय, हातचा धरायचा राहिलाय." मग नुसतीच पेन्सिलीची टकटक ऐकू येत राहिली. भाद्रपदात तीन, आश्विनात सहा. दिवाळीच्या महिन्यात एकाच दिवशी दूध दोनदा मांडलेलं, आणि एका पानाला बेरीजच नाही, नुसत्या दोन रेघा.

आमच्या सगळ्यांच्या हिशेबाने माईचं 'ते' सुरू झालं 1990 साली. त्या वर्षी ती कृष्णेच्या घाटावर गेली आणि स्वतःहून परतलीच नाही. म्हणजे त्याआधी चार वर्षं तिच्या बेरजेतले हातचे गळत होते आणि आम्ही अकरा जण, आमचे आई-वडील, पाहुणेरावळे, कुणाला काही कळलं नाही.

"मला कळलं होतं," वहिनी म्हणाली.

वहिनी म्हणजे दादाची बायको. ती उंबऱ्यावर बसून जुन्या पातेल्यांना कल्हई आहे का ते बघत होती. मान वर न करता तिने सांगितलं, की आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं होतं. कधी दोनदा, कधी मुळीच नाही. म्हणून तिने मिठाची बरणी हळूच आपल्या बाजूच्या फडताळात नेली. त्यावर घरात काय बोलणं झालं, ते आमच्यातल्या दोघी-तिघींना आठवत होतं: सुनेने कारभार हातात घेतला. "मी काय सांगणार होते? सासूचं विसरणं सुनेने सांगितलं की ती चहाडी होते."

यावर कुणी काही बोललं नाही. दादाने चष्मा काढून उगीचच पुसला.

डॉक्टर नेहमी विचारतात, बदल पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला? आपल्याकडे याचं खरं उत्तर बहुतेक वेळा 'सुनेच्या' असं असतं, आणि ती ते कधीच पहिल्यांदा देत नाही.

आमच्याकडे या गोष्टीला शब्द कमी नव्हते, हीच अडचण होती. साठी बुद्धी नाठी. म्हातारचळ. 'वय झालं आता.' 'डोकं ठिकाणावर नाही.' आणि पुरुष असेल तर कौतुकाने 'विसरभोळा प्रोफेसर'. इतके शब्द हाताशी असले की विचारायचं काही राहतच नाही. गंमत म्हणजे खरा शब्द रोज आमच्या तोंडी होता. दिवेलागणीला परवच्यानंतर स्थितप्रज्ञाची लक्षणं म्हणायची पद्धत होती. गीतेच्या त्या दुसऱ्या अध्यायात 'स्मृतिभ्रंश' येतो. तिथे तो रागातून उपजणाऱ्या मोहाच्या पुढची पायरी म्हणून येतो, आजार म्हणून नाही. आम्ही तो शब्द खणखणीत उच्चारायचो, पाच फुटांवर माई निरांजन लावायची, आणि एकदा निरांजन लावून झाल्यावर तिने पुन्हा वात घातली तेव्हा आम्ही हसलो होतो. हे मला स्पष्ट आठवतं, कारण सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते.

भरलं घर हे मोठं फसवं असतं. माई भाजीचा भाव विसरली, तर बाजारात तिच्याबरोबर काकी असायची. ती वाक्यात अडली, की अण्णा ते पुरं करायचे. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. तिला काय म्हणायचंय ते त्यांना तिच्याआधी ठाऊक. "ते हे दे ना, ते पाणी घ्यायचं..." असं ती म्हणाली की चार हात तांब्या पुढे करायचे. आज कोण वार, हे तिला लक्षात ठेवावंच लागत नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय होतं, त्यावर दुधाचे खाडे मांडलेले असायचे, आणि गुरुवारी दत्ताच्या देवळातली आरती घरात ऐकू यायची. तिच्या हातून सुटलेला प्रत्येक हातचा घरातलं दुसरं कुणीतरी उचलून धरत होतं. तिच्याच वयाची एखादी बाई तेव्हा फ्लॅटमध्ये एकटी राहत असती, तर सहा महिन्यांत शेजाऱ्यांच्या लक्षात आलं असतं. वाड्यात चार वर्षं लागली.

फक्त भाजणीने सांगितलं होतं. चकलीची भाजणी माईचीच. तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, मग धने-जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, प्रत्येकाची आच वेगळी, आणि कुठलं झालं, कुठलं राहिलं हे सगळं डोक्यात. 1987च्या दिवाळीत चकल्या तेलात विरघळल्या. माईने दुकानदाराला शिव्या घातल्या, डाळ जुनी दिली म्हणून. आम्ही पण घातल्या. आज कळतं, की ज्या कामात पायऱ्या आहेत, ज्यात एकाच वेळी तीन गोष्टींवर लक्ष ठेवायचं आहे, तिथे ही खोट आधी दिसते. साधा वरणभात माई पुढे कितीतरी दिवस नीट करत होती. हाताला सवय असलेल्या गोष्टी उशिरा जातात. म्हणून घरचे म्हणतात, "छे, स्वयंपाक तर नेहमीसारखा करतेय!"

आता पाटल्यांचं सांगायलाच हवं.

आमच्याकडे धुणंभांडी करायला एक बाई होत्या. बावीस वर्षं होत्या. माझ्या मुंबईतल्या बाळंतपणात मला तिळाचे लाडू पाठवणाऱ्या. 1988च्या उन्हाळ्यात माईच्या पाटल्या दिसेनात. माईने थेट त्यांचं नाव घेतलं. एरवी माईचा स्वभाव असा, की दारी आलेल्या वासुदेवालासुद्धा अहो-जाहो करायची. त्या दिवशी ओटीवर उभी राहून ती जे बोलली, ते ऐकून आळीतली माणसं खिडकीत आली. बाई रडल्या नाहीत. भांडी विसळून पालथी घातली, हात पुसले आणि गेल्या. पुढे आम्ही दुसरी बाई ठेवली.

तीन वर्षांनी गव्हाची कोठी तळापर्यंत रिकामी केली तेव्हा पाटल्या मिळाल्या. फडक्यात बांधलेल्या, वर गाठ, गाठीत हळकुंड. माईनेच चोरांच्या भीतीने लपवल्या आणि लपवल्याचं विसरली. मनाची ही चाल आता मला समजते. वस्तू जागेवर नाही, मी उचलली असल्याची आठवण नाही, तेव्हा कुणीतरी नेलीच असणार. तर्कात चूक नाही. फक्त एक दुवा गळालेला आहे. चष्मा टेबलावर विसरणं सगळ्यांचंच होतं. चष्मा पिठाच्या डब्यात सापडणं आणि त्याचा आळ दुसऱ्यावर जाणं, हे वेगळं. पण हे कळायला आम्हाला कितीतरी वर्षं लागली, आणि त्या बाईंकडे माफी मागायला कोण गेलं? वहिनी गेली. एकटी. माळ्यावरच्या त्या दिवशी तिने हेही पहिल्यांदा सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, "माईंचं डोकं फिरलंय हे मला तुमच्याआधी ठावं होतं. एका दिवसात तीनदा पगार द्यायला आल्या होत्या. दोनदा मी परत केला."

म्हणजे आणखी एका माणसाला कळलं होतं, आणि तिचं तर ऐकायचा प्रश्नच नव्हता.

माई गप्प होत गेली, ते आम्हाला आवडलंसुद्धा. भजनी मंडळ सोडलं. दुपारचे पत्ते सोडले. ती झब्बू खेळायची ते बघायला आम्ही जमायचो. कृष्णाबाईच्या उत्सवात आळीच्या प्रसादाला पुरणाचा घाट घालणारी बाई एका जागी बसून राहू लागली. घरात म्हणायला लागले, माईने मन काढून घेतलं, संसारातून विरक्त झाली. आमच्या संस्कृतीत म्हातारपणी गप्प होणं ही वरची पायरी समजतात, त्यामुळे उत्साह मावळणं, माणसं टाळणं हे लक्षण असू शकतं असं कुणाच्या मनात आलं नाही. मला वाटतं, तिला पत्ते सोडायचे नव्हते. हातात कुठलं पान आहे आणि आधी कुठलं पडलं, हे तिला एकत्र धरता येईना. चारचौघांत हरण्यापेक्षा ती न खेळणं पत्करायची.

मग 1990. आमच्या गणपती आळीतून घाट किती लांब, तर पोराची हाक ऐकू येईल इतका. माई तिथे जायची वाट हजारो वेळा चाललेली. त्या दिवशी संध्याकाळी ती मेणवलीच्या रस्त्याला सापडली, हातात रिकामी कळशी. एका सायकलवाल्याने ओळखून आणली. "कुठे चालला होतात?" तर म्हणाली, "घरी." वाड्यात आल्यावरही म्हणत राहिली, "मला घरी जायचंय." दिवेलागण झाली की हे सुरू व्हायचं. आम्ही समजूत घालायचो, अगं माई, हेच घर. त्याने ती जास्तच चिडायची. फक्त अण्णांना जमायचं. ते म्हणायचे, "जाऊ हं, आधी जरा चहा घेऊ." चहा होईपर्यंत ती विसरायची. अण्णांना कुणी हे शिकवलं नव्हतं, आणि आज स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यांना हेच शिकवतात: वाद घालू नका, तिच्या जगात थोडं जाऊन या.

1996मध्ये माई गेली. तोवर तिला कुणाचं नाव येत नव्हतं, पण भूपाळी लावली की ओठ हलायचे, आणि ओवी पुढे म्हणा म्हटलं की पुढची ओळ यायची. आधी आलेलं शेवटी जातं. तिच्या दाखल्यावर 'वार्धक्य' असं कारण लिहिलंय.

आत्याचं मात्र निराळं झालं, आणि ते सांगितलं नाही तर ती वरून येऊन कान धरेल. दहाएक वर्षांनी कऱ्हाडला आत्या मंद झाली. बोलणं संथ, आवाज घोगरा, भर वैशाखात स्वेटर, कालचं आज आठवेना. सगळ्यांनी माना डोलावल्या: माईच्या वळणावर गेली. आता आत्या आणि माई नणंद-भावजया, रक्ताचा संबंध शून्य. पण अशा वेळी हे कोण बघतं! नशिबाने तिथल्या डॉक्टरांनी बघितलं. त्यांनी आधी रक्त तपासलं. थायरॉईड पार मंदावलेला आणि ब-12 तळाला गेलेलं. चातुर्मासाचे, एकादशीचे, संकष्टीचे असे जन्मभर उपास आणि अंगाला दूध लागत नाही म्हणून ताकही बंद. गोळी आणि इंजेक्शनं सुरू झाली. सहा महिन्यांत आत्याला 1968च्या लग्नात कुणी किती आहेर केला आणि कुणी रिकाम्या पाकिटावर नाव लिहिलं, ते सगळं परत आठवायला लागलं. काही जणांना तो आजारच बरा वाटला असता. विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचं पहिलं कारण हे आहे, की त्यातल्या काहींचं विसरणं परतवता येतं. थायरॉईड, ब-12, मनातलं औदासीन्य, झोपेच्या गोळ्या, डोक्याला मार लागून कवटीत हळूहळू साठलेलं रक्त. 'वय झालं' म्हणून घरी बसवलं, तर हे सगळं घरीच बसतं.

माझे वडील, भाऊ, सगळ्यांत धाकटे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर. धोम धरणाच्या कामावर होते. निवृत्तीनंतर आई-भाऊ पुण्याला कोथरूडमध्ये फ्लॅटमध्ये राहायला आले. 2008च्या सुमाराला त्यांनी खालच्या मजल्यावरच्या दाराला आपली किल्ली लावली आणि कुलूप बदललं म्हणून आरडाओरडा केला. सगळे मजले सारखे, होतं असं. दुसऱ्यांदा झालं. विजेचं बिल दोनदा भरलं. पेन्शनच्या पासबुकाकडे बघत बसू लागले. आई म्हणाली, कंटाळलेत. मला मात्र या वेळी ओटीवरची माई दिसली, आणि आम्ही गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी भाऊंशी धरणाबद्दल गप्पा मारल्या, मग तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारतो म्हणाले. मग कोरा कागद दिला. एक घड्याळ काढा, सगळे आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. भाऊंनी आयुष्यभर नकाशे काढले. वर्तुळ त्यांनी हाताने काढलं ते कंपासने काढल्यासारखं. मग बारा, एक, दोन, तीन असे आकडे घालायला लागले आणि बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात भरून टाकले. डावी बाजू कोरी. त्यांनी कागदाकडे बघितलं, काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं. मग माझ्या वडिलांनी डॉक्टरांना सांगितलं, "तुम्ही जागा कमी दिलीत."

मी हसले नाही या वेळी.

त्यानंतर रक्ताच्या तपासण्या, मेंदूचा एमआरआय. डॉक्टरांनी समजावलं, ते असं. डिमेन्शिया म्हणजे एक आजार नव्हे. ताप म्हणावं तसा तो लक्षणांचा गठ्ठा आहे. त्यामागे बहुतेक वेळा अल्झायमर असतो. कधी रक्तदाबाने मेंदूच्या बारीक वाहिन्या बंद पडत गेलेल्या असतात आणि मग माणूस पायरी-पायरीने उतरतो. कधी सुरुवातच स्वभाव बदलण्याने किंवा नसलेली माणसं दिसण्याने होते. अल्झायमरमध्ये मेंदूत दोन प्रकारची प्रथिनं साचतात, अमायलॉइड पेशींच्या बाहेर आणि टाऊ आत, आणि ती साचायला लागतात लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी. नव्या आठवणी बसवणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, आधी झिजतो; म्हणून सकाळचा नाश्ता जातो आणि चौथीचे मास्तर राहतात. गोळ्यांनी थोडा वेळ मिळतो, आजार मागे फिरत नाही.

मी विचारलं, मीही नावं विसरते, मग? ते म्हणाले, नाव विसरलात आणि रात्री झोपताना आठवलं, तर चालेल. काल कुणी जेवायला आलं होतं हेच आठवत नसेल, सांगितल्यावरही पटत नसेल, तेच तासाभरात पाचदा विचारलं जात असेल, ओळखीच्या रस्त्यावर चकवा लागत असेल, पैशाच्या व्यवहारात पूर्वी न होणारा घोळ होत असेल, तर या. आणि एकट्या येऊ नका. विसरणाऱ्याला आपण काय विसरलो ते सांगता येत नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, हे कधीपासून? आई म्हणाली सहा महिने. माझा धाकटा भाऊ म्हणाला दोन वर्षं. मी म्हणाले एक. तिघांचं कधीही एकमत झालं नाही, अजूनही नाही.

2023मध्ये भारतातल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे आले: साठीपुढच्या शंभरांतल्या साधारण सातांना स्मृतिभ्रंश, म्हणजे देशात अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास माणसं, त्यांत बायकांचं प्रमाण जास्त. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटाने असं मांडलं, की जवळजवळ निम्म्या प्रकरणांचा संबंध बदलता येतील अशा चौदा गोष्टींशी आहे. त्यांत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकटेपणा आहे, कमी शिक्षण आहे आणि कमी ऐकू येणंही आहे. ते वाचल्यावर बंड्याने मुकाट्याने कानाचं यंत्र घेतलं. त्याआधी चार वर्षं त्याची बायको घसा फोडून सांगत होती.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट आम्ही पाच-सहा भावंडांनी एकत्र बघितला. मोहन आगाशेंचे संस्कृत पंडित रस्त्यावरच्या हत्तिणीमागे चालत निघून जातात, त्या ठिकाणी दादा उठून बाहेर गेला. बाहेर येऊन आम्ही विचारलं, तर म्हणाला, "मेणवलीच्या रस्त्याला हत्ती नव्हता, एवढंच."

या आजाराला ज्यांचं नाव पडलं, त्या आलोइस अल्झायमरनी फ्रँकफुर्टमध्ये 1901 साली पहिल्यांदा तपासलेली बाई, आउगुस्टे डेटर, अवघी एक्कावन्न वर्षांची होती. तीही नवऱ्यावर संशय घ्यायची, घरातल्या वस्तू लपवायची. डॉक्टरांनी तिला नाव लिहायला सांगितलं, तर सुरुवात करून ती मध्येच थांबली. पुढे काय लिहायचं ते हरवलं. ती 1906मध्ये गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमरनी ट्युबिंगेनच्या सभेत तिच्या मेंदूत काय दिसलं ते सांगितलं. तिची फाईल पुढे गहाळ झाली आणि 1995 साली फ्रँकफुर्टच्याच दवाखान्यात सापडली, तिच्या अर्धवट अक्षरासकट. हे मी वाचलं, तेव्हा मनात आलं होतं, आपल्या माणसांच्या कुठे फायली असतात! आमच्या फायली ट्रंकेत होत्या.

त्या दिवशी अंधार पडायला लागला तेव्हा छोटीने 1988ची वही मिटता मिटता उलटी केली. हिशेबाची वही मागच्या बाजूने कुणी वापरत नाही. माईने वापरली होती. वर 'श्री', खाली 'दिवाळी'. अक्षर जरा वाकडं झालेलं, ओळी उतरत्या. पंगतीत बसतो त्या क्रमाने आम्हा अकरा जणांची नावं लिहिलेली होती, प्रत्येकापुढे काही खुणा. दोन नावं खोडून पुन्हा लिहिलेली.

त्या दिवाळीत तिने आम्हा सगळ्यांना नावाने हाक मारली होती. आम्हाला आठवत होतं, कारण तेव्हा ओवाळताना ती प्रत्येकाच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघायची आणि मग हाक मारायची, आणि आम्हाला वाटलं होतं, किती माया.

छोटी मोठ्याने वाचायला लागली. 'बंडू, उंच, मिशी. पोट बिघडते, तूप कमी.' 'दादा माझा.' त्यापुढे काही नाही. 'छोटी, बँकेत. हिचा नवरा बोलत नाही, विचारावे.' सातवं नाव माझं होतं.

'बेबी. भाऊंची. केस आखूड केलेत. चहा नको म्हणते, पण द्यावा.'